पाच प्रती, बासष्ट पोरी

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पानं लावणं. त्यात विशेष काही नाही, ते आम्ही एकतीस वर्षं केलं.

सोमवार होता, दुपारचे तीन वाजले असतील. बीडला कॉलेजच्या रस्त्याला माझं बाइंडिंगचं दुकान आहे. सतरंजीवर एका पीएच.डी.च्या प्रबंधाच्या पाच प्रती ओळीनं मांडल्या होत्या. मी पानांच्या गठ्ठ्यांना कडेनं दाभणानं भोकं पाडत होतो अन् शिवकांता, म्हणजे आमची मंडळी, एकेक पान उलटून बघत होती. पंखा बंद. पंखा लावला की पानं उडतात, म्हणून बाइंडरनं चैत्रात पण घामच पुसायचा असतो.

समोर स्टुलावर वडवणीच्या बाई बसलेल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. माहेर मेंढपाळांचं, आईबाप मेंढरांमागं गावोगाव फिरलेले. त्यांचा प्रबंध त्यावरच होता: मेंढपाळांच्या पोरी शाळा कावून, म्हणजे का सोडतात. त्यांनी स्वतः वस्त्यांवर जाऊन बासष्ट पोरींची माहिती गोळा केलती. बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत या पाच प्रती विद्यापीठात जमा व्हायला पाहिजे होत्या, अन् विद्यापीठ बीडहून एसटीनं तीन तासांवर.

शिवकांतानं हात थांबवला. दोन पानं मागं गेली, पुन्हा पुढं आली.

"बाई, मागं यादीत बासष्ट पोरी हायेत. हितं तक्त्यात एकसष्टच भरत्यात. एक पोरगी कुठं गेली?"

बाईंनी पान हातात घेतलं. दोनदा बेरीज केली. म्हणाल्या, "राहू द्या काकू आता. कोण मोजतंय?"

"मी मोजलं की."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. शिवकांतानं त्यांना चारच्या गाडीनं वडवणीला परत पाठवलं. जुन्या वह्या काढा, पोरगी हुडका, पानं नवीन छापून उद्या दुपारपर्यंत आणा, तोवर चौथ्या प्रकरणाचा गठ्ठा मी टाचू देत नाही, असं सांगून तो गठ्ठा तिनं पाचही प्रतींतून बाजूला काढून ठेवला. मी म्हणालो, एका पोरीनं काय आभाळ कोसळतंय. तिनं माझ्याकडं बघितलं पण नाही.

आता बुधवारी पाच वाजल्यावर असं काय होणार होतं, ते समजायला हे पदव्यांचं शिक्षण कसं रचलेलं असतं ते सांगावं लागेल. मी सातवी शिकलो. आठवी अर्धी केली, पण ती कुणी धरत नाही. तरी मला सगळ्या पदव्या ओळखू येतात, कावून तर त्या माझ्या हातात येतात. मी जाडीवरून सांगतो.

सगळ्यात पातळ म्हणजे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. बारावीनंतरची पहिली पदवी. या पोरांचा प्रकल्प तीस-चाळीस पानांचा, त्याला स्पायरल अन् वरून प्लॅस्टिक. "काका, अर्ध्या तासात द्या, सर निघाले" हे त्यांचं वाक्य ठरलेलं. पूर्वी ही पदवी तीन वर्षांची असायची. मधे सोडली की हात हलवत घरी. आता नवीन रचना आली, त्यात दर वर्षाला बाहेर पडायला दार ठेवलंय. एक वर्ष केलं की प्रमाणपत्र, दोन केली की पदविका, तीन केली की पदवी, अन् चौथं केलं की मानाची पदवी, तिला ऑनर्स म्हणतात. केलेला अभ्यास श्रेयांक म्हणून जमा राहतो, नंतर येऊन पुढं चालू करता येतं. मला हे लई पटलं. माझी अर्धी आठवी अशी कुठं जमा राहिली असती तर मी पण एखाद्या सोमवारी जाऊन बसलो असतो.

त्याच्या वर एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. पदवीनंतर दोन वर्षं. खालची चार वर्षं केली असतील तर एकच. यांचा लघुप्रबंध शंभरेक पानांचा, पुठ्ठ्याची बांधणी. या पोरांना बाहेर कामाचा अनुभव पण घ्यावा लागतो अन् त्याला मार्क असतात. मागं एम.ए.च्या दोघीजणी दुकानात आल्या. म्हणाल्या, अप्पा, आम्ही तुमच्याकडं काम शिकलो असं लिहून फक्त शिक्का मारा. मी म्हणालो, शिक्का मारतो, आदी खळ शिजवा. त्यांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. शिवकांतानं दोघींना ओढण्या खोचायला लावल्या अन् सगळे तास भरून घेतले. एकीच्या खळीत शेवटपर्यंत गाठी राहिल्या, तिला मी मार्क कमी दिले. ती रडवेली होऊन म्हणाली, अप्पा, माझा पहिला नंबर हुकेल. शिवकांता म्हणाली, "बाळा, गाठीच्या खळीनं पुस्तक उकलतं. त्याला अप्पा काय करतील?" पोरगी दुसऱ्या दिवशी आपणहून आली अन् पुन्हा खळ शिजवली. मग मार्क वाढवले. सातवी शिकलेल्या माणसानं एम.ए.ला मार्क दिले, हे मी आजही कुणालाही सांगतो, ऐकणाऱ्यानं विचारलं नसलं तरी.

मधे एम.फिल. नावाची एक पायरी होती, एम.ए. अन् पीएच.डी.च्या मधली. ती बंद केली. दोनशे पानांचा मध्यम माल होता तो, माझ्या फळीवर त्याची जागा अजून रिकामी आहे.

सगळ्यात वर पीएच.डी. इथं नुसतं परीक्षा देऊन चालत नाही. एम.ए. झाल्यावर आदी प्रवेशपरीक्षा. मग मार्गदर्शक मिळवायचा, त्याला सगळे गाईडच म्हणतात. विषय नोंदवायचा, समितीपुढं उभं राहायचं, काही महिने अभ्यासवर्ग करायचे, दर सहा महिन्याला काम कुठवर आलं त्याचा अहवाल द्यायचा. मग प्रबंध लिहायचा, तो दुसऱ्याचा उचललेला नाही ना ते तपासून घ्यायचं. मग माझ्याकडं. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच प्रती. त्या बाहेरगावच्या परीक्षकांकडं जातात, ते बरं म्हणाले तर तोंडी परीक्षा, अन् मग नावाच्या आदी डॉक्टर लागतं. या सगळ्याला नोंदणीची मुदत असते. ती वाढवून मिळते, पण वाढवलेली पण कधीतरी संपते. वडवणीच्या बाईंची दोनदा वाढवून संपत आलती. बुधवार चुकला तर नोंदणी रद्द, सहा वर्षांचं काम गेलं, अन् पन्नाशीला टेकलेल्या बाईनं पुन्हा विशीतल्या पोरांबरोबर प्रवेशपरीक्षेला बसायचं. त्या बसल्या नसत्या. त्यांनी मला तसं सांगितलंच होतं.

पीएच.डी.वाल्यांच्या नाना तऱ्हा बघितल्या. एक सर आले, नेकनूरकडचे. प्रबंध एवढासाच. म्हणाले, "अप्पा, जरा भरदार दिसू द्या." मी जाड पुठ्ठा लावला, कागद जाड घ्यायला लावला, प्रकरणाप्रकरणात कोरी पानं घातली. तयार प्रत शिवकांतानं हातात घेतली अन् पोळीचा डबा बघावा तशी हलवून बघितली. सरांना म्हणाली, "आत लई जागा हाय बघा अजून." सर रागानं प्रती घेऊन गेले. वर्षानं आले ते दुप्पट काम करून. गाईडनंच परत पाठवलं होतं म्हणे. त्या दिवशी त्यांनी काकूंसाठी पेढे आणले अन् मला नुसता नमस्कार केला.

एक चूक माझी स्वतःची, ती पण सांगतो. प्रबंधात पुढं गाईडचं प्रमाणपत्र असतं, पाचही प्रतींत खरी सही लागते. एका गाईडची सही लांब शेपटाची, पार कागदाच्या कडेपर्यंत जायची. मी बांधणी झाल्यावर कटिंग मशीनवर कडा मारल्या अन् पाचही शेपटं उडवली. सही ओळखू येईना. विद्यार्थी खालीच बसला. गाईड निवृत्त होऊन गावी शेतात राहत होते, मी प्रमाणपत्राचे नवीन कागद घेऊन गेलतो. त्यांनी मला विहिरीच्या काठावर बसवून तासभर झापलं अन् मग पाच सह्या केल्या, आखूड. त्यानंतर शिवकांतानं नियम केला: ती बघून "मारा" म्हणाल्याशिवाय कटिंगचा दांडा ओढायचा नाही. मी एकतीस वर्षांत हुकूम मानले ते एवढेच, एक हा अन् एक जेवताना बोलायचं नाही हा.

आता तिच्याबद्दल. ती नववीपर्यंत शिकली. पानं लावताना ती वाचायची. मी पानाचा आकडा बघतो, ती मजकूर बघायची. कापूस, सहकार, संतांचे अभंग, ग्रामपंचायती, जे येईल ते. मी जाहीर सांगतो, आमच्या दुकानातनं गेलेले बरेच प्रबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारं माणूस एकच होतं. हे हळूहळू पोरांना कळलं. तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पोरं येऊन बसायची अन् म्हणायची, काकू, विचारा. शिवकांता खळीत बोटं घालून विचारायची. "तुमी म्हणता बाया बचतगटानं सुधारल्या. मग सातव्या पानावरची ती बाई कर्ज काढून कावून पळाली?" पोरं घामाघूम. खऱ्या परीक्षेला त्यांना मग काही वाटायचं नाही. एक सर तिला म्हणाले, काकू, तुम्हीच करा पीएच.डी. ती म्हणाली, "करते की. आदी दहावी करावी लागती म्हणं."

अन् मी. रात्री जेवताना ती मला सांगायची, आज अमक्याच्या प्रबंधात काय होतं. जेवताना बोलायचं नाही हा नियम तिचाच, पण तो मलाच होता. मी हं हं म्हणायचो. एकाही प्रबंधाचं मला काही आठवत नाही. शेकडो प्रबंध ऐकले असतील मी, फुकट, भाकरीबरोबर. याची लाज वाटते, म्हणून लिहिलं.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता तिनं तवा चुलीवरनं उतरवला अन् भिंतीला टेकून बसली. मी म्हणालो, आगं, काय झालं. काही नाही, म्हणाली. तेवढंच. डॉक्टर येईपर्यंत सगळं झालेलं होतं. हृदय म्हणाले. त्याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात पुरतात, बसवून. मंगळवारी दुपारी तिला नेलं. बेलपानं, विभूती, सगळं रीतीप्रमाणं झालं. माणसं लई होती, त्यात निम्मी शिकलेली. डॉक्टर लावणारे अकरा मी मोजले. मातीला हात लावून माणसं परतायला लागली तेव्हा लिंबाखाली वडवणीच्या बाई दिसल्या. हातात पिशवी. मी जवळ गेलो तर त्यांनी पिशवी पाठीमागं धरली.

मी विचारलं, "पानं आणलीत का?"

"अप्पा, नका. मी विद्यापीठात विनंती करते."

"विनंती दोनदा झाली तुमची. पानं आणलीत का ते सांगा."

त्या रडायलाच लागल्या. पिशवीत पंधरा कागद होते, तीन-तीन पानं पाच प्रतींची. चौथ्या प्रकरणाचा गठ्ठा दुकानात सुटा पडलेला, सोनेरी अक्षरं मारायची राहिलेली, अन् पाच वाजायला फक्त उद्याचा दिवस.

मी म्हणालो, सकाळी सहाला दुकान उघडतो, या. हे माझ्या मेव्हण्यानं ऐकलं. शिवकांताचा धाकटा भाऊ, बसवराज. त्याचं किराणाचं दुकान आहे, त्यानं स्वतः दुकान दहा दिवस बंदची पाटी लावून ठेवलती. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, माती ओली हाय अजून अन् तुमी धंद्याचं बोलताव? लोकं काय म्हणतील?" मला पण क्षणभर वाटलं, खरंच, मी काय माणूस आहे.

आमच्यात मुळात सुतक नाही. पण शेजार्‍यापाजार्‍यांचं बघून आमचे लोक पण आता दहा दिवस दुकानं बंद ठेवतात, अन् न ठेवणार्‍याला बोलतात. आमचे स्वामी, म्हणजे आमच्यातले संसारी पुजारी, तिथंच हातपाय धूत होते, विधी त्यांनीच केलता. बसवराज त्यांच्याकडं बघायला लागला. स्वामींनी सावकाश हात पुसले.

"आपल्यात सुतक न्हाई, बसवराज. तुला ठाऊक हाय. तुला दुकान बंद ठेवायचं तर ठेव, पण त्याला धर्म म्हणू नको."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अप्पा, उघडा तुमी. काकूंनी माझ्या पोराचा पण घाम काढलता एमेला."

 संध्याकाळी बसवराजनंच घरी डबा पाठवला, अन् डब्यात चिठ्ठी, सकाळी चहा पाठवू का दुकानावर.

प्रबंध वेळेत पोचला. बाई साडेनऊच्या गाडीत बसल्या, अन् चारच्या आत जमा केल्याची पावती त्यांच्या हातात पडली. पुढं तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं चौथ्या प्रकरणातल्या तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, आकडे कुणी तपासले. बाई म्हणाल्या, बाइंडरच्या बायकोनं. खोलीतले हसले, बाई हसल्या नाहीत. आता त्यांच्या दारावर डॉक्टरची पाटी आहे. त्यांना विचारूनच हे सगळं लिहितोय.

पण सांगायचं ते त्या बुधवारच्या सकाळचं. सहाला शटर वर केलं. बाई आदीच पायरीवर बसलेल्या. पंधरा कागद मी हातात घेतले अन् माझ्या लक्षात आलं की आता हे तपासणारं कुणी नाही. बाई म्हणाल्या, मी तपासलंय अप्पा, टाचा तुम्ही. मी म्हणालो, तुम्ही आदी पण तपासलं होतं.

हरवलेली पोरगी कोण, ते त्यांनी तेव्हा सांगितलं. म्हाळसा नावाची. नववीत असताना मेंढरांबरोबर गेली म्हणून तिचं नाव यादीत आलं. पुढल्या वर्षी बाईंना ती दुसर्‍या तालुक्यात भेटली, तिथल्या शाळेत बसलेली. मग ही शाळा सोडलेली कशी, म्हणून बाईंनी तिला तक्त्यातनं काढलं अन् यादीतनं काढायचं राहिलं. आता तिला पुन्हा तक्त्यात घेतलं होतं, परत शाळेत आलेली म्हणून वेगळ्या रकान्यात. त्या रकान्यात ती एकटीच. "बीडलाच असती आता," बाई म्हणाल्या, "बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला हाय."

मी चष्मा लावला अन् शिवकांताच्या जागेवर बसलो. यादीतलं एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागलो. मला वाचायला वेळ लागतो, जोडाक्षरं अडतात. बाई तक्त्यावर बोट ठेवून बसल्या. मी नाव वाचलं की त्या तक्त्यात तिची वस्ती हुडकायच्या, पेन्सिलीनं टिंब द्यायच्या अन् म्हणायच्या, हजर. मास्तरणीची सवय ती. घड्याळ सातच्या पुढं गेलं, बसवराजचा चहा आला, गार झाला. बाईंनी एकदा पण घाई करा म्हटलं नाही. मी वाचत होतो, त्या हजर म्हणत होत्या. म्हाळसाचं नाव एकोणसाठावं होतं, तिथं त्यांनी वेगळ्या रकान्यात टिंब दिलं अन् म्हणाल्या, हजर.

बासष्टावी पण हजर झाली. मग मी सुई ओवली.